कुठलं शीत उचलायचं?

लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उरकला की त्याच आठवड्यात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या लीगचा, पहिला सामना होतो. सोमवारी रात्री पहिली फेरी संपेपर्यंत अमेरिकेतल्या निम्म्या शहरांत ढोल वाजत असतात आणि निम्म्यांत सुतक असतं. महिन्याभराने हाच प्रकार एनएचएल या हॉकीच्या लीगमध्ये. (फुटबॉल म्हणजे इथे तो, जो मुख्यतः हातात धरून पळायचा असतो. हॉकी बर्फावरची. या दोन शब्दांनी आपल्याकडे डोळ्यांपुढे येणारे दोन्ही खेळ थोडा वेळ बाजूला ठेवा.) शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण पहिल्या आठवड्यात चाहते जे शीत उचलतात ते नेमकं पातेल्याच्या काठाला चिकटलेलं असतं. ते शीत म्हणजे निकाल.

गणित आधी उरकून घेऊ. एनएफएलचा संघ २०२१ पासून १७ सामने खेळतो. एनएचएलचा संघ २०२५-२६ पर्यंत ८२ खेळत आला, आणि खेळाडूंशी झालेल्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून ८४. म्हणजे फुटबॉलमधला एक पराभव हॉकीतल्या जवळजवळ पाच पराभवांच्या वजनाचा. ऑक्टोबरात हॉकीचे दोन सामने हरल्यावर प्रशिक्षकाला घरी पाठवायच्या गोष्टी करणाऱ्या माणसाने फुटबॉलचा अर्धा सामना हरल्यावर तेवढा आरडाओरडा केला असता का, हे स्वतःला विचारावं. फुटबॉलमध्ये ०-२ ही सुरुवात मात्र खरोखर दुखते. तरीसुद्धा १९९३ च्या डॅलस काउबॉइज, २००१ च्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि २००७ च्या न्यूयॉर्क जायंट्स या तिन्ही संघांनी पहिले दोन सामने गमावून सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला.

हॉकीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण एकाच हंगामात सापडतं, २०१८-१९ मध्ये. बफेलो सेबर्स नोव्हेंबरात सलग १० सामने जिंकून लीगच्या शेंड्यावर जाऊन बसले. सेंट लुईस ब्लूज ३ जानेवारीच्या सकाळी ३१ संघांत तळाला होते. जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याचा चषक, ब्लूजनी उचलला. सेबर्सना प्लेऑफसुद्धा (हंगामानंतरची बाद फेरी) मिळाली नाही. त्या दहा विजयांतले बरेचसे एकेका गोलाने आलेले होते, काही जादा वेळेत, काही शूटआउटवर. ज्यांनी तेव्हा गोलांच्या फरकाचा रकाना वाचला ते गप्प बसले. ज्यांनी फक्त विजयाचा वाचला त्यांनी जूनचे बेत आखले.

नशिबाचा वाटा मोजायची एक सोपी रीत हॉकीत आहे. पाच विरुद्ध पाच खेळात गोलावर आलेल्या शंभर फटक्यांपैकी साधारण आठ आत जातात आणि ब्याण्णव गोली (गोलरक्षक) अडवतो. संघाची आपल्या फटक्यांची टक्केवारी आणि आपल्या गोलीची अडवण्याची टक्केवारी यांची बेरीज करायची. पूर्ण लीगची बेरीज शंभरच येते, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याच्या गोलीने न अडवलेला फटका. या आकड्याला पीडीओ म्हणतात, आणि ही अक्षरं कशाचंही लघुरूप नाहीत. ऑक्टोबर संपताना एखादा संघ १०५ वर असतो, एखादा ९५ वर. दोघेही वसंतापर्यंत शंभराच्या आसपास येऊन बसतात. फार चांगला गोली किंवा अचूक नेमबाज असले तर एखाद-दीड अंक टिकतो, त्याहून जास्त क्वचित. फुटबॉलमध्ये याच जातीची गोष्ट म्हणजे हातातून सुटलेला चेंडू. चेंडू पाडणं हे कसब आहे, पण पडल्यावर तो लंबगोल चेंडू कोणाकडे उडेल हे जवळपास छापा-काटा. पहिल्या दोन आठवड्यांत असे चारही चेंडू आपल्याच माणसांना मिळाले असतील तर ते विजय थोडे उधारीचे समजावेत.

मग बघायचं काय? माझं मत आहे, सांधे बघावेत. जिथे एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं, ती जागा. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडू ताजे असतात, पाय हलके असतात, कच्चे असतात ते सांधे. आणि ते कच्चे राहण्यात आळसाचा काही संबंध नाही, ती नियमांची करणी आहे. एनएफएलने २०२१ मध्ये सरावसामने चारवरून तीनवर आणले आणि त्यांतही मुख्य खेळाडू जेमतेम उतरतात. पूर्ण पॅड घालून करायचे सराव कराराने बांधलेले आहेत. हंगामाआधीच्या कॅम्पमध्ये जास्तीत जास्त १६, पुढच्या सगळ्या नियमित हंगामात १४. ही बंधनं योग्यच आहेत. ऑगस्ट २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर कॅम्पच्या उन्हात उष्माघाताने गेला, त्यानंतर ‘पूर्वीचे खेळाडू दिवसातून दोनदा पॅड घालायचे’ हे कौतुकाने सांगण्यात काही अर्थ उरलेला नाही. पण शरीरं जपायची तर सराव कमी होणार, आणि कमी सरावाची उणीव सप्टेंबरात सगळ्यांसमोर उघडी पडते.

त्यात भर पडते ऑगस्टअखेरच्या कपातीची. प्रत्येक संघाला ९० खेळाडूंवरून ५३ वर यावं लागतं, आणि २०२३ पासून ही कपात एका दमात होते. ३२ संघांचे प्रत्येकी ३७ धरले तर हजारावर माणसं एका दुपारी मोकळी होतात. चारहून कमी हंगाम झालेले वेव्हर्सवर, म्हणजे बाकीच्या संघांसाठी खुल्या यादीत, जातात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणीही त्यांना उचलू शकतं. न उचललेल्यांतून १६ जणांचा, फक्त सरावाचा प्रॅक्टिस स्क्वॉड भरतो. बातम्या येतात त्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याच्या. पण ५३ मधली शेवटची सात-आठ नावं म्हणजे पंट (चेंडू लाथेने लांब समोरच्यांकडे देणं), किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ) आणि फील्ड गोल (खांबांमधून मारलेली लाथ) यांच्या वेळी उतरणारी माणसं, आणि त्यांतली दोन-तीन पहिल्या सामन्याच्या जेमतेम आठवडाभर आधी परक्या गावातून आलेली असतात. पंट अडवला गेला की समालोचक तो मारणाऱ्याला नावं ठेवतो. रीप्ले नीट बघितला तर दिसतं, की दोन शेजाऱ्यांनी एकच माणूस धरला आणि दुसरा मधून मोकळा सुटला. दोघांना एकमेकांची सवय नव्हती, एवढंच.

सांध्यांचा राजा मात्र आक्रमणाची पाचजणांची रांग: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. डावीकडचे गार्ड आणि टॅकल शेजारी उभे आहेत, समोर एकेक गडी. चेंडू सुटतो. आतला बचावपटू गार्डच्या अंगावर सरळ न येता बाहेर तिरका घुसतो आणि टॅकलच्या आतल्या खांद्यावर आदळतो. त्याच्या पाठीमागून बाहेरचा गडी वळसा घालून आत, गार्डने सोडलेल्या फटीत शिरतो. याला स्टंट म्हणतात. उत्तर सोपं आहे: माणसं बदलून घ्यायची. गार्डने आपल्या माणसाला एक ढुशी देऊन टॅकलकडे ढकलायचं आणि ताबडतोब नजर आत आणायची. टॅकलने आपला मूळ माणूस सोडून ढकललेला घ्यायचा. यासाठी दोघे एकाच पातळीवर हवेत. टॅकल यार्डभर जास्त मागे सरकला असेल तर अदलाबदल करताना हे दोघंच एकमेकांना आडवे येतात. गार्डने आपल्या माणसाच्या मागे दोन पावलं जास्त टाकली तरी फट उघडी. क्वार्टरबॅककडे चेंडू फेकायला अडीच-पावणेतीन सेकंद असतात आणि ही चूक त्यातला अर्धा सेकंद खाते.

हे बघायचं तर एक सवय मोडावी लागते. चेंडू सुटल्यावर पहिले दोन सेकंद चेंडूकडे बघायचंच नाही. सेंटर आणि दोन गार्ड यांच्या हेल्मेटकडे बघायचं. हेल्मेट वळतायत, एकमेकांना माणसं सोपवतायत, समोर कोणी नसलेला गडी शेजाऱ्याच्या मदतीला जातोय, तर तो संघ ०-२ असला तरी काळजी नको. पाचही हेल्मेट आपापल्या समोरच गाडलेली दिसली तर २-० वरही विश्वास नको. परगावच्या मैदानावर तर हेच काम बहिऱ्यासारखं करावं लागतं. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २०१४ च्या सप्टेंबरात १४२.२ डेसिबल आवाज नोंदला गेला. तिथे क्वार्टरबॅकची हाक शेजारच्यालाही ऐकू जात नाही. मग गार्ड मागे वळून बघतो, क्वार्टरबॅकची खूण मिळाली की सेंटरला हात लावतो, सेंटर मान हलवतो आणि ठरलेल्या ठोक्याला चेंडू सोडतो. ठोका प्रत्येक वेळी तोच ठेवला की समोरचे तो पाठ करतात. बदलत राहिलं की आपलाच टॅकल आधी हलतो आणि पाच यार्ड जातात. पहिल्या परगावच्या सामन्यात अशा चुका चार-पाच झाल्या तर तो निव्वळ बेशिस्तपणा नव्हे, मूक मोजणीचा सराव अपुरा पडलाय एवढाच त्याचा अर्थ.

फील्ड गोल हा तिघांचा सांधा. लाँग स्नॅपर पायांमधून सात-आठ यार्ड मागे चेंडू सोडतो, होल्डर तो झेलून टेकवतो, शिवणीची दोरी गोलाकडे फिरवतो आणि किकर मारतो. सगळं मिळून साधारण १.३ सेकंदांत. चांगला स्नॅपर चेंडू इतक्या ठरावीक फिरकीने सोडतो की होल्डरच्या हातात तो दोरी पुढे ठेवूनच पोचतो, फिरवावा लागत नाही. ६ जानेवारी २००७ ला सिएटलमध्ये डॅलसच्या टोनी रोमोच्या हातून १९ यार्डांच्या किकचा चेंडू निसटला आणि प्लेऑफचा सामना २१-२० ने गेला. अंतर इतकं कमी की किकरला तो रोजचा घास, पण मधला सांधाच निखळला. नव्या चेंडूवर कारखान्याचा मेणचट थर असतो. तो ब्रशने आणि ओल्या टॉवेलने घासून काढावा लागतो. किकिंगसाठीचे वेगळे चेंडू पूर्वी संघांना सामन्याच्या दिवशीच, थोडक्या वेळापुरते हाताळायला मिळायचे. २०२५ पासून ते आधीच मिळतात आणि सावकाश मुरवता येतात. जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने त्याच वर्षी ऑगस्टच्या सरावसामन्यात ७० यार्डांवरून गोल केला. सरावातला म्हणून तो विक्रमात धरला गेला नाही. नोव्हेंबरात त्याने खऱ्या सामन्यात ६८ यार्डांवरून मारला, आणि जस्टिन टकरचा २०२१ चा ६६ यार्डांचा विक्रम मोडला. श्रेय त्याच्या पायाचं आहेच. मुरलेल्या चेंडूचंही थोडं असावं, असं मला वाटतं.

किकऑफ तर २०२४ पासून सगळा नवाच आहे. किकर सोडून मारणारा संघ आता समोरच्याच्या ४० यार्ड रेषेवर उभा असतो, झेलणाऱ्या संघाची पुढची माणसं तिथून पाच-दहा यार्डांवर, आणि चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत यांपैकी कोणी हलायचं नाही. हवेतून थेट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) मारला तर २०२५ पासून समोरच्याला ३५ यार्डांवर चेंडू मिळतो. हा भुर्दंड परवडत नाही म्हणून परतीच्या धावा कितीतरी वाढल्या. पुन्हा तेच: ही धाव अडवणारी माणसं कपातीतून उरलेली, परवा भेटलेली.

हॉकीचा हंगाम उघडतो तेव्हा तक्रार ऐकू येते की पास नीट लागत नाहीत, पक (हॉकीची चकती) उडतोय. हाताला दोष देण्याआधी बर्फ बघावा. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं, त्यातून थंड द्रव फिरतो. वर पाण्याचे पातळ फवारे थरावर थर गोठवतात. मध्ये पांढरा रंग आणि रेषा येतात, त्यावर पुन्हा थर. सगळं मिळून सव्वा इंचाच्या आसपास. वरचा पृष्ठभाग उणे ४-५ अंश सेल्सियसला ठेवायचा असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाहेर ऊन आणि दमट हवा असते, वीस हजार माणसं दारं उघडून आत येतात. त्यांच्या अंगाची ऊब आणि श्वासाची वाफ बर्फावर बसते, वरचा थर मऊ पडतो. मऊ बर्फात पात्याने चर पडतात, चरांच्या कडेला भुगा साचतो आणि त्यावरून घरंगळणारा पक कडेवर उभा राहतो. पक म्हणजे एक इंच जाडीची, तीन इंच व्यासाची रबरी चकती. सामन्याआधी ती गोठवतात, कारण उबदार रबर उसळतं. ऊबेत आलेला पक आणि मऊ बर्फ एकत्र आले की जगातला सर्वोत्तम पास देणारासुद्धा अडखळतो.

सामन्याचे तीन भाग म्हणजे पिरियड, आणि दोन पिरियडांच्या मध्ये झॅम्बोनी, म्हणजे बर्फ नीट करणारी गाडी, फिरते. कॅलिफोर्नियात फ्रँक झॅम्बोनीने १९४९ मध्ये केलेल्या यंत्राचा वंश. पातं वरचा थर खरवडतं आणि मागून गरम पाणी सोडलं जातं. गरम अशासाठी, की ते जुन्या बर्फाची वरची साय वितळवून तिच्याशी एकजीव होतं, आणि त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने गोठल्यावर घट्ट बसतं. म्हणून पिरियडच्या पहिल्या पाच मिनिटांत जो आडवा, लांब पास सुंदर लागतो, तोच शेवटच्या पाच मिनिटांत आत्मघात असतो. ऑक्टोबरात हे अंतर जास्तच. जाणता डिफेन्समन तेव्हा पक काचेवरून बाहेर ढकलतो. घरी बसलेला त्याला भित्रा म्हणतो.

पात्यांचंही तसंच. स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मध्ये पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा. पन्हळ जेवढ्या लहान त्रिज्येच्या दगडाने कोरलेली, तेवढी ती खोल, धार बर्फात घट्ट रुतते, पण घसरण कमी होते. अर्धा इंच ही नेहमीची त्रिज्या. मऊ बर्फावर खोल पन्हळ जास्तच रुतते आणि पाय लवकर भरून येतात, म्हणून बरेचजण थोडी उथळ करून घेतात. एकट्याच, कोणी हात न लावता पडलेल्या खेळाडूला हसू नये. बहुधा त्याची एका बाजूची धार गेलेली असते. बाकावर गेल्यावर साहित्य सांभाळणारा माणूस पातं खटकन काढून दुसरं बसवतो, त्याला काही सेकंद पुरतात.

हॉकीतला सगळ्यात मोठा सांधा खेळ चालू असताना होणाऱ्या बदलीचा, आणि तो उसवतो दुसऱ्या पिरियडमध्ये. एक खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास बर्फावर असतो, मग दम संपतो. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपला बाक आपल्या गोलाच्या बाजूला असतो. दुसऱ्यात बाजू बदलतात, बाक तिथेच राहतात. आता आपल्या गोलासमोर अडकलेल्या डिफेन्समनला बाकापर्यंत जायला निळी रेषा ओलांडून मधल्या रेषेच्याही पलीकडे जावं लागतं. तो निघाला आणि तेवढ्यात पक उलटला, तर गोलीसमोर मोकळं रान. म्हणून तो जात नाही. पाऊण मिनिटाचं सव्वा मिनिट होतं, दीड होतं. थकून कोणीतरी पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावतो. ते आयसिंग. शिट्टी वाजते, पक परत आपल्याच गोलापाशी येतो, आणि २००५-०६ पासूनच्या नियमाने आयसिंग करणाऱ्या संघाला माणसं बदलता येत नाहीत. तेच पाच, ओठ पांढरे पडलेले, पुन्हा उभे. पुढच्या दहा सेकंदांत गोल झाला तर आकड्यांत तो गोलीच्या नावावर लागतो. दुसऱ्या पिरियडमध्ये गोल जास्त होतात ते यामुळे. चांगल्या संघाचा डिफेन्समन मधली लाल रेषा ओलांडल्यावरच पक समोरच्यांच्या टोकाला खोल टाकतो, आणि पक हवेत असतानाच तिघे बाकाकडे वळलेले असतात. ऑक्टोबरात हे वळणं अर्ध्या सेकंदाने उशिरा होतं. उलट घाई केली तर बर्फावर गोली सोडून सहा माणसं होतात आणि दोन मिनिटांची शिक्षा. बाकावरच्या दाराकडे कॅमेरा क्वचितच जातो, म्हणून हा भाग मैदानात बसून बघण्यात मजा आहे.

हॉकीच्या कपातीचं तर्कशास्त्रही निराळं. संघात जास्तीत जास्त २३. कॅम्पमध्ये उजवा ठरलेला विशीतला पोरगा खालच्या एएचएल लीगमध्ये जातो आणि तिशीतला साधारण खेळाडू वर राहतो, तेव्हा लोक चिडतात. कारण साधं असतं. त्या पोराला वेव्हर्समधून जावं लागत नाही. १८ व्या वर्षी करार केलेला खेळाडू पाच हंगाम किंवा १६० सामने होईपर्यंत त्यातून मोकळा असतो. तिशीतल्याला खाली पाठवायचं तर २४ तास बाकीच्या ३१ संघांपुढे ठेवावा लागतो, आणि कोणीही नेऊ शकतो. वर ठेवलेला जास्त चांगला असेलच असं नाही, तो फुकट जायला नको असतो.

आणि सुरुवातीच्या सगळ्या सामन्यांत मला सगळ्यात जास्त उत्सुकता ज्याची असते तो म्हणजे नुकताच निवडलेला, अठरा वर्षांचा मुलगा. त्याचा करार तीन वर्षांचा असतो. पण त्या हंगामात तो दहाहून कमी सामने खेळला तर करार एक वर्ष पुढे सरकतो, जणू हे वर्ष झालंच नाही. म्हणून नऊ सामने म्हणजे चाचणी. नऊ झाले की संघाला ठरवावं लागतं: ठेवायचा, की कॅनडातल्या त्याच्या ज्युनियर संघाकडे परत पाठवायचा. मधली पायरी त्याला नसते, कारण त्या वयाचा ज्युनियर खेळाडू एएचएलमध्ये पाठवता येत नाही. ठेवला तरी पुढे ४० सामन्यांची दुसरी रेषा आहे. तेवढे सामने तो संघाच्या यादीत राहिला की मुक्त खेळाडू (हव्या त्या संघाशी करार करू शकणारा) होण्याच्या हिशेबात त्याचं एक वर्ष धरलं जातं.

तेव्हा नवव्या सामन्यात त्याने गोल केला का, हे मी बघत नाही. दुसऱ्या पिरियडमध्ये प्रशिक्षक त्याला आपल्या गोलापाशी होणाऱ्या फेसऑफला (पक टाकून खेळ पुन्हा सुरू करताना) पाठवतो का, पाऊण मिनिट झाल्यावर तो पक खोल टाकून बाकाकडे वळतो का, की आणखी एकदा नशीब आजमावायला आत शिरतो, हे बघतो. दहाव्या सामन्याच्या सकाळी सरावात तो चौथ्या लाइनमध्ये (आक्रमकांच्या चौथ्या तिकडीत) उभा असतो, नाहीतर त्याच्या जागी दुसरा कोणी.